'पे ऑफ'च्या पुढे काय येतं ते बघा: कर्ज, माणूस की काहीच नाही

खिशातली शंभराची नोट काढून बघा. गव्हर्नरांच्या सहीसोबत तिच्यावर इंग्रजीत एक वचन छापलेलं असतं: 'आय प्रॉमिस टू पे द बेअरर द सम ऑफ वन हंड्रेड रुपीज'. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापल्या जातात, त्यामुळे हे वाक्य नाशिककरांना तसं घरचंच. (एक रुपयाच्या नोटेवर हे वचन नसतं. ती नोट रिझर्व्ह बँकेची नसून भारत सरकारची असते आणि सही अर्थसचिवांची असते.) या वाक्यातला 'पे' एकटा आहे आणि एकटा आहे तोवर सरळ आहे: देणे. त्याला 'ऑफ', 'बॅक', 'अप', 'डाउन' असं काही जोडलं की एकाच 'देण्या'चे दहा प्रकार होतात. त्यातला सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत जास्त चुकवला जाणारा प्रकार म्हणजे 'पे ऑफ'.

शब्दकोशात 'पे ऑफ'समोर चार अर्थ सापडतात: कर्ज पूर्ण फेडणे, कष्ट फळाला येणे, लाच देऊन गप्प करणे आणि हिशेब चुकता करून कामावरून कमी करणे. चारही पाठ करता येतात, पण बोलताना त्यांचा उपयोग होत नाही, कारण कोणता अर्थ कधी लागतो ते त्या यादीत नसतं. ते ठरतं 'ऑफ'च्या पुढे काय येतं त्यावरून.

पहिली पायरी: 'काय फेडलं?' असा प्रश्न विचारा

'पे ऑफ' असलेलं वाक्य समोर आलं की 'काय?' किंवा 'कोणाला?' असं विचारायचं. उत्तर तीनपैकी एक येतं.

उत्तर कर्ज, हप्ते, थकबाकी, क्रेडिट कार्डाचं बिल असं काही असेल तर अर्थ एकच: पूर्ण फेडणे, खातं निल करणे. 'वी पेड ऑफ द ट्रॅक्टर लोन' म्हणजे ट्रॅक्टरचं कर्ज फिटलं, आता रुपया शिल्लक नाही. यातल्या 'पूर्ण'ला महत्त्व आहे. पाच लाखांपैकी साडेचार भरले असतील तर 'पेड ऑफ द लोन' म्हणता येत नाही.

उत्तर माणूस असेल तर जपून. माणूस म्हणजे घेणेकरी असेल, सावकार, बँक, उधारीवाले, तर अजूनही अर्थ 'देणं भागवलं' असाच राहतो: 'ही पेड ऑफ हिज क्रेडिटर्स'. पण माणूस साक्षीदार, इन्स्पेक्टर, तपास करणारा अधिकारी असा असेल तर वाक्याचा सूर एकदम बदलतो. 'दे पेड ऑफ द विटनेस' म्हणजे साक्षीदाराचं तोंड पैशानं बंद केलं. आणि माणूस कामगार, खलाशी, नोकर असेल तर 'पगाराचा हिशेब करून घरी पाठवलं'. हा शेवटचा अर्थ जहाजांवरून आला आहे. सफर संपली की खलाशांचा एकूण पगार देऊन त्यांना मोकळं करत. ब्रिटिश नौदलात जहाज सेवेतून उतरवण्यालाही 'पे ऑफ' म्हणतात आणि त्या वेळी डोलकाठीवर एक लांबलचक निशाण लावण्याची प्रथा आहे.

तिसरं उत्तर म्हणजे काहीच नाही. 'ऑफ'नंतर पूर्णविराम किंवा 'इन द एंड', 'फॉर हिम', 'हँडसमली' असले शब्द. तेव्हा पैशाचा संबंध असेलच असं नाही. 'द अर्ली प्रूनिंग पेड ऑफ' म्हणजे लवकर केलेल्या छाटणीचं चीज झालं. सटाणा-कळवण पट्ट्यातली अर्ली द्राक्षं आठवा: छाटणी आधी, पावसाचा धोका डोक्यावर, पण माल बाजारात आधी पोहोचला तर भाव. धोका पत्करून केलेलं काम फळलं की इंग्रजी माणसाच्या तोंडून हेच येतं: 'इट पेड ऑफ'. फळलं नाही तर 'इट डिडन्ट पे ऑफ'.

आता या तिसऱ्या प्रकारातली एक गाळात घालणारी चूक. मराठीत 'फेडणे' आणि 'फिटणे' अशी जोडी आहे. आम्ही कर्ज फेडलं. आमचं कर्ज फिटलं. दुसरं वाक्य इंग्रजीत नेताना बरेच जण लिहितात: 'अवर लोन पेड ऑफ'. व्याकरणाला धरून आहे, पण अर्थ भलताच. 'ऑफ'च्या पुढे काही नाही आणि कर्ता आहे कर्ज, म्हणजे 'कर्ज काढलं ते फायद्याचं ठरलं'. बँकेतल्या माणसाला हे सांगितलं तर तो अभिनंदन करेल, 'नो ड्यूज' म्हणजे काही देणं उरलं नसल्याचं पत्र देणार नाही. 'फिटलं' म्हणायचं तर 'अवर लोन इज पेड ऑफ' किंवा 'हॅज बीन पेड ऑफ'. एवढा 'इज' विसरायचा नाही.

हीच चूक उलट्या बाजूनंही होते. 'माझ्या मेहनतीचं फळ मिळालं' यासाठी 'माय हार्ड वर्क गॉट पेड ऑफ' असं सर्रास ऐकू येतं, मुलाखतींत तर फारच. 'गॉट पेड ऑफ' म्हणजे कोणीतरी कोणाला पैसे देऊन निपटवलं. मेहनतीला कोण लाच देणार? 'माय हार्ड वर्क पेड ऑफ', बस. आणि 'हार्ड वर्क'ला अनेकवचन नाही, 'हार्ड वर्क्स' म्हणू नका.

कर्त्याचीही अट आहे. कष्ट, धीर, निर्णय, गुंतवणूक, प्रशिक्षण, जुगार या गोष्टी 'पे ऑफ' होतात. माणूस होत नाही. 'तो यशस्वी झाला'साठी 'ही पेड ऑफ' चालत नाही. पाऊस चांगला झाला तरी 'द रेन पेड ऑफ' नाही, कारण पाऊस आपण केलेला नाही. ज्यात आपण आधी काही घातलं, तेच फळतं.

दुसरी पायरी: 'ऑफ' कुठे ठेवायचा

'पे ऑफ' तुटतो. 'पे ऑफ द लोन' बरोबर, 'पे द लोन ऑफ'ही बरोबर. पण कर्जाच्या जागी 'इट' किंवा 'देम' आलं की मोकळीक संपली: फक्त 'पे इट ऑफ', 'पे देम ऑफ'. 'पे ऑफ इट' ही चूकच. उलट कर्जाचं वर्णन लांब असेल, 'द लोन वी टुक फॉर द बोअरवेल अँड द ड्रिप सेट', तर 'ऑफ' आधीच उरकावा. नाही तर ऐकणारा वाक्याच्या शेवटापर्यंत 'ऑफ'ची वाट बघत राहतो.

बोलताना 'पे इट ऑफ' हे तीन शब्द वेगवेगळे ऐकू येत नाहीत. ते 'पेइटॉफ' असं एका दमात येतं आणि जोर 'टॉफ'वर पडतो. फोनवर कॉल सेंटरचा माणूस 'डू यू वाँट टु पेइटॉफ नाउ?' म्हणाला आणि काही कळलं नाही, असं होतं ते याचमुळे. दहा वेळा मोठ्यानं म्हणून बघा. कानाला सवय लागते.

जोराचा आणखी एक नियम. क्रियापद वाक्याच्या शेवटी आलं की जोर 'ऑफ'वर: 'इट पेड ऑफ'. नाम असेल, 'अ बिग पेऑफ', तर जोर 'पे'वर आणि लिहिताना दोन शब्द जोडून. नामाचा अर्थ मोबदला, फळ, आणि बातमीत असेल तर कधी कधी लाच.

स्पेलिंगमध्ये दोन खड्डे. 'ऑफ'ला दोन एफ. एका एफचा शब्द वेगळा आहे आणि त्याचा उच्चारही 'ऑव्ह'कडे झुकतो. आणि भूतकाळ पी-ए-आय-डी, 'पेड'. 'पे'ला नुसतं ई-डी लावलेलं रूप इंग्रजीत आहे, पण ते जहाजाचा दोर सैल सोडण्यासाठी वापरतात. कर्जाच्या पत्रात त्याचं काम नाही.

तिसरी पायरी: फेडलं, फेडतोय, फेडत आलोय

'आय पेड ऑफ द लोन इन थ्री इयर्स': तीन वर्षांत फेडून मोकळा झालो. 'आय हॅव बीन पेइंग ऑफ द लोन फॉर थ्री इयर्स': तीन वर्षं झाली, फेडतोच आहे. 'इन' म्हणजे संपलं, 'फॉर' म्हणजे चालू आहे. अर्जात हे उलटंपालटं झालं तर चालू कर्ज बंद असल्याचं लिहून बसतो आपण, आणि बँक ते क्रेडिट अहवालाशी ताडून बघतेच.

'आय हॅव पेड ऑफ' आणि 'आय पेड ऑफ' यांतला फरक इतका गंभीर नाही. तारीख सांगायची असेल तर दुसरं ('आय पेड इट ऑफ इन मार्च'), आजची स्थिती सांगायची असेल तर पहिलं.

आणि 'ला'च्या मागे जाऊ नका. मराठीत 'बँकेला कर्ज फेडलं' म्हणतो म्हणून 'आय पेड ऑफ टु द बँक' होत नाही. एक तर कर्ज म्हणा, नाही तर बँक. बँकेचं नाव घालायचंच असेल तर 'आय पेड ऑफ माय लोन विथ द बँक' हे भारतीय कानाला आणि इंग्रजी कानालाही चालतं.

चौथी पायरी: भाऊबंद ओळखा

सख्खा भाऊ 'पे बॅक'. यात पैसा जिथून आला तिथे परत जातो, म्हणून माणूस सहज बसतो: 'आय विल पे यू बॅक ऑन मंडे'. हातउसने, मित्राकडचे दोन हजार, मामानं फीसाठी दिलेले पैसे हे सगळं 'पे बॅक'. इथेच घोळ होतो. मित्राला 'डोंट वरी, आय विल पे यू ऑफ' असा मेसेज गेला तर त्याला 'तुझं तोंड बंद करतो' किंवा 'तुझा हिशेब करून टाकतो' असं वाचता येईल. माणूस असेल तर 'बॅक', कर्ज असेल तर 'ऑफ': एवढं लक्षात ठेवलं तरी दहातल्या आठ चुका टळतात. 'पे बॅक'चा दुसरा अर्थ उट्टं काढणं: 'आय विल पे हिम बॅक फॉर धिस'. कर्जाचा विषय चालू नसेल तर हे वाक्य धमकी आहे.

'पे डाउन' आपल्याकडे कमी वापरतात, खरं तर कामाचा आहे. कर्ज कमी करत आणणं. पाच लाखांचं कर्ज, 10 टक्के व्याज, पाच वर्षं मुदत धरा. हप्ता येतो 10,624 रुपये. दोन वर्षांत 24 हप्ते म्हणजे 2,55,000 च्या आसपास भरले जातात, पण मुद्दल उरतं सुमारे 3,29,000, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. या घडीला 'वी हॅव पेड इट डाउन टु थ्री पॉइंट टू नाइन लाख' हे बरोबर. 'पेड ऑफ हाफ द लोन' लिहिलंत तर मात्र चूक: हप्त्यांत अर्ध्याहून जास्त रक्कम गेली, कर्ज अर्धं झालेलं नाही.

'पे अप' म्हणजे कुरकुरत, तगादा लागल्यावर भरणं. 'पे अप!' हे वसुलीवाल्याचं 'काढा पैसे'. ग्राहकाला पाठवायच्या पत्रात तो शब्द नको, उद्धट वाटतो. तिथे 'काइंडली क्लिअर द ड्यूज' बरं. याच्याच पोटातला 'पेड-अप' हा विम्यातला शब्द फसवा आहे. पॉलिसी 'पेड-अप' झाली म्हणजे सगळे हप्ते भरून झाले असं वाटतं. प्रत्यक्षात हप्ते मध्येच थांबले म्हणून पॉलिसी कमी झालेल्या विमा रकमेवर चालू आहे, असा अर्थ असतो.

'पे आउट' विमा कंपनी करते, 'पे इन' आपण बँकेत करतो. भरण्याची स्लिप 'पे-इन स्लिप'च असते.

'पे फॉर इटसेल्फ' मात्र 'पे ऑफ'शी ताडून बघायला हवा. ठिबकचा खर्च पाणी, खत, मजुरी वाचून दोन हंगामांत निघाला तर 'द ड्रिप पेड फॉर इटसेल्फ इन टू सीझन्स'. हा हिशेबाचा शब्द आहे, रुपयाला रुपया. 'द ड्रिप पेड ऑफ' म्हणजे ठिबक केलं ते बरं झालं. त्यात खर्च निघाला की नाही याचा आकडा नाही. कृषी खात्याच्या किंवा कंपनीच्या अहवालात लिहिताना आकडा हातात असेल तरच पहिला वापरा.

आणि एक जो सहसा शिकवला जात नाही: 'वर्क ऑफ'. पेठ-सुरगाण्याकडचे मजूर द्राक्षबागांत छाटणीला येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असेल तर ती पैशानं नाही, कामातून फिटते. उचल फेडणं म्हणजे 'वर्क ऑफ द अ‍ॅडव्हान्स'. इथे 'पे ऑफ' म्हटलं तर मजुरानं रोख पैसे परत केले असा अर्थ होईल. वस्तुस्थिती तशी क्वचितच असते.

मार्चअखेर सोसायटीत कर्ज 'नवं-जुनं' करतात, त्यालाही 'पे ऑफ' एकट्यानं पुरत नाही. जुनं भरलं आणि लगेच नवं उचललं, म्हणजे कर्ज मिटलं कुठे? 'रिन्यू' किंवा 'रोल ओव्हर' म्हणा.

पाचवी पायरी: बँकेला लिहायचं पत्र

कर्ज मुदतीआधी बंद करायचं असेल तर इंग्रजीतला मेल चार वाक्यांत बसतो. विषयात कर्जखात्याचा क्रमांक घाला, नाही तर मेल फिरत राहतो. मजकूर असा:

'आय विश टु पे ऑफ द अबव्ह लोन इन फुल ऑन 20 जून. प्लीज सेंड मी अ फोरक्लोजर स्टेटमेंट शोइंग द टोटल अमाउंट पेएबल ऑन दॅट डेट, इन्क्लुडिंग इंटरेस्ट अप टु द डेट ऑफ पेमेंट अँड एनी चार्जेस. प्लीज ऑल्सो कन्फर्म हाउ सून आफ्टर पेमेंट आय विल रिसीव्ह द नो ड्यूज सर्टिफिकेट अँड माय ओरिजिनल डॉक्युमेंट्स. द लोन इज इन माय नेम ओन्ली.'

शेवटचं वाक्य कर्ज खरंच एकट्याच्या नावावर असेल तरच. सहकर्जदार असेल तर त्याचंही नाव घाला.

'इन फुल' हे दोन शब्द गाळू नका. ते नसतील तर तुमची रक्कम पार्ट-पेमेंट म्हणून धरली जाऊ शकते: मुद्दल कमी होतं, पण खातं चालूच राहतं आणि पुढच्या महिन्याचा हप्ता कापला जातो. तारीखही तितकीच गरजेची. वर उरलेल्या 3,29,000 वर 10 टक्क्यांनी दिवसाला साधारण 90 रुपये व्याज चढतं. हप्त्याच्या तारखेनंतर बारा दिवसांनी भरलंत तर आकडा सुमारे 1,080 रुपयांनी वाढलेला असतो. पासबुकातलं मुद्दल बघून तेवढेच भरले की हे हजारेक रुपये खात्यात लोंबकळतात, त्यावर पुढे व्याज आणि दंड लागतो आणि आपण मात्र कर्ज 'पेड ऑफ' झालं म्हणून निवांत. म्हणून 'आउटस्टँडिंग प्रिन्सिपल' विचारायचं नाही, 'टोटल अमाउंट पेएबल' विचारायचं.

'फोरक्लोजर' हा शब्द फक्त भारतातल्या बँकेशी वापरा. आपल्याकडे त्याचा अर्थ ग्राहकानं मुदतीआधी कर्ज बंद करणं. अमेरिकेत तोच शब्द बँकेनं घर जप्त करणं. परदेशातल्या मुलीला 'वी आर फोरक्लोजिंग द हाउस लोन' असं कळवलंत तर तिकडे तिचं धाबं दणाणेल. तिथे आवश्यक तो आकडा 'पेऑफ अमाउंट' म्हणून मागतात. ब्रिटनमध्ये गाडीच्या कर्जाला 'सेटलमेंट फिगर' म्हणतात.

आणि हाच 'सेटलमेंट' आपल्याकडे विषासारखा. थकलेल्या कर्जात बँकेशी तडजोड करून आठ लाखांऐवजी पाच भरले, एकरकमी तडजोड झाली, तर क्रेडिट अहवालात खात्यापुढे 'सेटल्ड' येतं. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे 'क्लोज्ड'. पुढचं कर्ज देणारा 'सेटल्ड' बघून कपाळाला आठ्या घालतो. तेव्हा पूर्ण पैसे भरले असतील तर बोलताना 'लोन सेटल केलं' असं म्हणत असाल तर म्हणा, पण लिहिताना 'पेड ऑफ इन फुल' हेच लिहा. हॉटेलचं बिल 'सेटल' करायला हरकत नाही.

'राइट ऑफ' तर आणखी वेगळा. बँकेनं कर्ज 'राइट ऑफ' केलं, म्हणजे आपल्या ताळेबंदातून निर्लेखित केलं. कर्जदाराचं देणं तसंच राहतं, वसुलीही चालते. माफी म्हणजे 'वेव्हर'. 2017 आणि 2019 च्या राज्याच्या कर्जमाफी योजनांबद्दल इंग्रजीत लिहिताना 'राइट-ऑफ' लिहिणाऱ्यांनी अर्थाचा बराच गोंधळ केला आहे. शेतकऱ्याच्या बाजूनं तो शब्द 'वेव्हर'च.

दोन नियम माहीत असले की पत्राला वजन येतं. व्यक्तीच्या नावावरच्या फ्लोटिंग (बदलत्या) दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकेला लावता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा 2012 पासूनचा नियम. आणि कर्ज पूर्ण फिटल्यावर मालमत्तेची मूळ कागदपत्रं 30 दिवसांत परत द्यावी लागतात. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. हा 2023 चा आदेश, 1 डिसेंबर 2023 पासून लागू. पत्रात एक वाक्य पुरतं: 'द लोन वॉज पेड ऑफ ऑन 20 जून, अँड थर्टी डेज हॅव पास्ड'. इथे 'वॉज' हवा, कारण तारीख दिली आहे.

पैसे भरले की इंग्रजीचं काम संपतं, कागदांचं उरतं. गाडीचं कर्ज असेल तर बँकेच्या ना हरकत पत्रासोबत फॉर्म 35 च्या दोन सही केलेल्या प्रती घ्या. नाशिकच्या एमएच-15 गाडीच्या आरसी बुकवरचं बँकेचं नाव त्याशिवाय उतरत नाही आणि गाडी विकताना हेच आडवं येतं. जमिनीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र घेऊन तलाठ्याकडे बोजा कमी करण्याचा अर्ज द्या. 7/12 च्या 'इतर हक्क' रकान्यात बोजा दिसत असेपर्यंत घेणाऱ्याच्या दृष्टीनं कर्ज 'पेड ऑफ' झालेलंच नाही.

सहावी पायरी: 'फेडणे' दिसलं म्हणून 'पे ऑफ' लावू नका

मराठीतला 'फेडणे' कर्जापुरता नाही. वणीच्या सप्तशृंगीला बोललेला नवस फेडतात. तो 'फुलफिल अ व्हाउ'. आईबापांचे पांग फेडतात; तिथे 'रिपे' जवळ जातो, 'पे ऑफ' अगदीच नको. 'शी पेड ऑफ हर पेरेंट्स' म्हणजे तिनं आईवडिलांना पैसे देऊन गप्प केलं. डोळ्यांचं पारणं फिटतं, त्याला इंग्रजीत 'पे'ची गरजच नाही.

कामाच्या ठिकाणचं एक. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून बाहेर पडलेला उमेदवार पुढच्या मुलाखतीत 'आय वॉज पेड ऑफ' म्हणतो, त्याला सांगायचं असतं की सगळा हिशेब मिळाला. ऐकणाऱ्याला 'काढून टाकलं' ऐकू येतं. 'माय फुल अँड फायनल सेटलमेंट इज डन' म्हणा. भारतीय कचेरीत तोच शब्द चालतो. तसंच एजंटाची फी दिली असेल तर 'वी पेड द एजंट्स फी' लिहा. 'वी पेड ऑफ द एजंट' असं हिशेबाच्या मेलमध्ये राहिलं तर ऑडिटर वर बघेल.

करून बघा

मराठी वाक्य वाचा, खालचं झाका आणि आधी मनात करा.

सोसायटीचं पीककर्ज आम्ही मार्चअखेर फेडलं.
'वी पेड ऑफ द क्रॉप लोन बाय द एंड ऑफ मार्च.'

मामाचे पैसे मी दिवाळीत परत दिले.
'आय पेड माय अंकल बॅक अ‍ॅट दिवाळी.' माणूस आहे म्हणून 'बॅक', आणि तोही माणसाच्या नंतर.

घराचं कर्ज फिटायला अजून चार वर्षं लागतील.
'इट विल टेक अस अनदर फोर इयर्स टु पे ऑफ द हाउस.' कर्ज शब्द नाही तरी चालतं. घर 'पे ऑफ' करणं म्हणजे घराचं कर्ज फेडणं.

क्लास लावला त्याचं चीज झालं.
'द क्लासेस पेड ऑफ.'

कांदा चाळीत ठेवायचा जुगार फळला, आणि लासलगावला माल गेल्यावर आम्ही कर्ज फेडून टाकलं.
'द गॅम्बल ऑफ स्टोअरिंग द अनियन्स पेड ऑफ, अँड वन्स दे सोल्ड अ‍ॅट लासलगाव, वी पेड ऑफ द लोन.' दोन वेळा 'पेड ऑफ'; पहिल्यानंतर नुसता स्वल्पविराम, दुसऱ्यानंतर कर्ज.